पुण्याच्या जपानी बागेत ज्येष्ठांना घेऊन निवांत सहल करता येईल का?

प्रश्न : सुमेधा, मुलुंड

नमस्कार. आमच्या सोसायटीतील सात-आठ ज्येष्ठ मंडळींना दिवाळीनंतर एका दिवसाच्या सहलीला न्यायचे आमच्या मनात आहे. त्यांना देवदर्शनाच्या रांगेत उभे राहायचे नाही, आणि रिसॉर्टमधला ठणाणा वाजणारा स्पीकर तर मुळीच नको आहे. झाडे असावीत, पाणी असावे, बसायला सावली असावी आणि कोणी घाई करू नये, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. माझ्या सासूबाईंनी तरुणपणी दादरला इकेबानाचा, म्हणजे जपानी पुष्परचनेचा, वर्ग केला होता, त्यामुळे पुण्यात सिंहगड रस्त्यावर जपानी पद्धतीचे पु. ल. देशपांडे उद्यान आहे हे कळल्यापासून त्यांनी तिथेच जायचे असे मनाशी ठरवून टाकले आहे.

जाणकारांना माझे काही प्रश्न आहेत. तिथे सतरंजी पसरून डबा खाता येतो का? माझ्या वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, तर त्यांना झेपेल असा रस्ता आहे का? मुंबईहून सकाळी निघून रात्री परतणे शक्य आहे का, की मुक्कामच करावा लागेल? आणि मुंबईतच, निदान ठाण्यापर्यंत, असा काही अनुभव मिळत असेल तर तेही कृपया सांगावे. शेवटचा प्रश्न जरा वेगळा आहे. अशा बागेत गेल्यावर नेमके करायचे काय? फेरी मारून बाहेर पडणे एवढेच असेल, तर इतक्या लांब जाऊन मंडळींची निराशा होईल, अशी मला भीती वाटते.

प्रतिसाद : वनराई, दादर

सुमेधाताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की बाकीच्या प्रश्नांची उत्तरे आपोआप सोपी होतात. मी उद्यानरचनेच्या व्यवसायात आहे आणि हा विषय माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे.

जपानी बागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार बसून पाहण्याचा. क्योटो शहरातील र्‍योआनजी मंदिराची बाग हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. पांढरट खडीच्या आयतावर १५ दगड मांडलेले आहेत, लाकडी ओसरीवर बसून ते पाहायचे, आणि ओसरीच्या कोणत्याही टोकाला बसलात तरी एखादा दगड दुसऱ्यामागे झाकलेलाच राहतो. बागेत पाऊल ठेवायचेच नसते. दुसरा प्रकार चालत पाहण्याचा. त्यात मध्ये तळे किंवा मोकळी जागा असते आणि तिच्या कडेने पायवाट अशी फिरवलेली असते की प्रत्येक वळणावर आधीचे दृश्य नाहीसे व्हावे आणि नवे समोर यावे. पुण्याची बाग या दुसऱ्या प्रकारातली आहे.

तिचा नमुना ओकायामा शहरातील कोराकुएन ही बाग आहे. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये तिचे काम सुरू करवले आणि १७०० मध्ये ती पूर्ण झाली. जपानमधील तीन थोर बागांमध्ये तिची गणना होते. उरलेल्या दोन म्हणजे कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची काइराकुएन. सरदाराच्या काळातही ठरावीक दिवशी सामान्य प्रजेला कोराकुएनमध्ये प्रवेश मिळत असे, आणि १८८४ पासून ती सार्वजनिक झाली. १९३४ च्या पुराने आणि १९४५ च्या बाँबहल्ल्याने तिची वाताहत झाली, तेव्हा जुन्या काळातील चित्रे आणि आराखडे समोर ठेवून ती पुन्हा उभी करण्यात आली. तिथले क्रौंच पक्षीही युद्धानंतर उरले नव्हते. ओकायामात शिकलेले चिनी साहित्यिक ग्वो मोरुओ यांनी १९५६ मध्ये क्रौंचांची एक जोडी भेट दिली आणि बागेत क्रौंच पाळण्याची परंपरा पुन्हा सुरू झाली. इतक्या प्रेमाने जपलेल्या बागेच्या धर्तीवर आपल्याकडे दहा एकरांचे सार्वजनिक उद्यान आहे आणि नाममात्र तिकिटात कोणालाही तिथे जाता येते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

कोराकुएनचे एक वेगळेपण पुण्यातही दिसते, ते म्हणजे मोठी हिरवळ. जपानमधील जुन्या बागांमध्ये शेवाळे, झुडपे, खडी आणि पाणी भरपूर असते, पण एवढी विस्तीर्ण हिरवळ सहसा नसते. कोराकुएनमध्ये ती आहे, शिवाय भातखाचर आणि चहाचा छोटा मळाही आहे. मे महिन्यात तिथे चहाची पाने खुडण्याचा आणि जूनमध्ये भातलावणीचा सोहळा होतो. ही हिरवळ पाहिली की आपल्या माणसाला पहिली इच्छा होते ती सतरंजी पसरण्याची. रचनेच्या दृष्टीने मात्र ती बसण्याची जागा नसून डोळ्यांना मिळणारी विश्रांती आहे. कडेच्या पायवाटेवर झाडी, दगड, पूल असे जवळचे तपशील पाहून नजर भरते, आणि अधूनमधून ती या मोकळ्या हिरव्या पटावर सोडून द्यायची असते.

आता नेमके करायचे काय, ते सांगतो. जपानी बागेत चालण्याचा वेग बाग ठरवते. पायवाटेवरचे दगड मुद्दाम लहान-मोठे आणि थोडे वेडेवाकडे बसवलेले असतात, त्यामुळे माणूस आपसूक खाली पाहून हळू चालतो. मध्येच एखादा रुंद, सपाट दगड येतो. त्याच्यावर दोन्ही पावले नीट टेकतात, माणूस थांबतो आणि मान वर करतो. रचनाकाराला जे दाखवायचे असते ते नेमके त्याच जागेवरून दिसते. तेव्हा तुमच्या मंडळींना एवढेच सांगा की रुंद दगड आला, पूल आला किंवा पायवाट वळली की थांबायचे आणि चहूकडे पाहायचे. सासूबाईंना तर हे सांगावेही लागणार नाही. फांदीचा कल आणि तिच्या भोवतीची रिकामी जागा यांचा विचार ज्यांनी इकेबानात केला आहे, त्यांना दगडांची मांडणी पाहताना वेगळाच आनंद मिळेल.

आणखी एक गोष्ट मंडळींना शोधायला लावा. कोराकुएनच्या बाहेर, नदीपलीकडे, ओकायामाचा काळा किल्ला आहे. तो बागेच्या हद्दीत नाही, तरीही बागेतल्या ठरावीक जागांवरून तो असा दिसतो की जणू बागेसाठीच बांधला असावा. बाहेरचे दृश्य आत सामावून घेण्याची ही पद्धत जपानी उद्यानकलेत फार जुनी आहे. पुण्याच्या बागेपासून पर्वतीची टेकडी जवळ आहे. ती कुठून दिसते, कुठे झाडीआड जाते, हे पाहत फिरलात तर दीड-दोन तास कसे गेले ते कळणार नाही.

प्रतिसाद : नातूबाग, पुणे

मी पुण्यात राहतो, पण माझे बालपण गिरगावात गेले, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्यांना काय अडचण येते याची मला कल्पना आहे. व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. ही बाग सकाळी उघडते, दुपारी काही तास बंद असते आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडते. बाहेरगावचे बरेच लोक बरोबर मधल्या वेळेत येऊन फाटकाशी उभे राहतात आणि हिरमुसले होऊन परततात. शहराबाहेरच्या पाहुण्यांनी निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या वेळांची खात्री करून घ्यावी.

दुसरी गोष्ट डब्याची. आत खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत आणि हिरवळीवर बसू देत नाहीत. कोणी पाऊल ठेवले की रखवालदाराची शिट्टी वाजते. त्यामुळे सतरंजी आणि डबा यांची सोय बाहेरच करावी लागेल. माझी सूचना अशी आहे की डब्यासाठी सारसबाग ठेवावी. ती फार दूर नाही, तिथे कुटुंबेच्या कुटुंबे हिरवळीवर बसलेली दिसतात, आणि तळ्यातल्या गणपतीचे दर्शन सहज होते. ज्यांना दर्शन नको असेल त्यांनी झाडाखाली बसावे. मंडळी जमिनीवर बसू शकत नसतील तर घडीची स्टुले बरोबर आणावीत. एकदा खाली बसलेल्या ज्येष्ठ माणसाला उठवताना घरच्यांची किती तारांबळ उडते, हे आपण सगळेच पाहतो.

आता गाडीचे. डेक्कन क्वीन मुंबईकरांच्या एका दिवसाच्या सहलीला उपयोगी नाही, कारण ती सकाळी पुण्याहून निघते आणि संध्याकाळी मुंबईहून परतते. मुंबईहून पहाटे सुटणारी इंद्रायणी ठाण्याला थांबते, म्हणजे मुलुंडकरांना सोयीची आहे. पण ती पुण्याला पोहोचेपर्यंत बागेच्या सकाळच्या वेळेतला थोडाच भाग हाती उरतो. परतीची इंद्रायणी संध्याकाळी निघते, त्यामुळे चारला बागेत शिरून ती पकडायची म्हटले तर मंडळींना घड्याळाकडे पाहतच फिरावे लागेल. ज्या सहलीचा हेतूच निवांतपणा आहे तिथे हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा सात-आठ ज्येष्ठ आणि बरोबर दोन-तीन तरुण असतील, तर टेम्पो ट्रॅव्हलर करावी. ऐरोलीमार्गे द्रुतगती मार्गाला लागून सावकाश आलात तरी साडेदहा-अकरापर्यंत पुण्यात पोहोचाल. सारसबागेत डबा, मग कोणाच्या तरी घरी दोन तास पाठ टेकणे (पुण्यात एकही नातेवाईक नाही असा मुंबईकर विरळाच), चहा घेऊन चारला बागेत आणि अंधार पडल्यावर परत. मुक्काम करता आला तर फारच उत्तम. मग संध्याकाळी पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी, बाग उघडताच आत जावे. त्या वेळी फिरायला येणारे नेहमीचे पुणेकर असतात, पण गोंगाट नसतो, दव असते, आणि कालव्याचे पाणी ओढ्यातून खळखळत जाते ते नीट ऐकू येते.

गुडघ्यांबद्दल सांगायचे तर मुख्य वाट चालायला बरी आहे. चढ आहे तो टेकाडावर जाण्याचा. वडिलांनी तो टाळला तरी काही बिघडत नाही, कारण पाण्याच्या कडेचा भागच अधिक सुंदर आहे. पुलाशी मासे पाहत लहान मुले जितकी रमतात तितकेच आजोबाही रमतात. ओल्या दगडांवर मात्र हात धरायला कोणीतरी बरोबर असावे, आणि पावसाळ्यात ज्येष्ठांना तिथे आणूच नये. दिवाळीनंतरचा काळ तुम्ही योग्य निवडला आहे. रविवार तेवढा टाळा.

प्रतिसाद : समीर, कांजूरमार्ग

माझा एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मला मांडावासा वाटतो. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या बागेत नागरिकाला गवतावर बसता येऊ नये, डबा उघडता येऊ नये, हे मला पटत नाही. मुंबईत दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाला हिरवळीवर पाठ टेकण्याची जी ओढ असते ती अगदी खरी आहे. ज्यांच्या घराला अंगण नाही, त्यांच्यासाठीच तर सार्वजनिक उद्याने असतात. शिस्त लावावी, कचरा करणाऱ्याला दंड करावा, पण बसण्यालाच मनाई का असावी?

प्रतिसाद : वनराई, दादर

समीर, तुमचा मुद्दा मोलाचा आहे आणि मुंबईसारख्या शहरात तो वारंवार मांडला गेला पाहिजे. तरीही या बागेपुरते मी नियमाच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणे सांगतो.

हिरवळ माणसाच्या वजनाने लगेच मरत नाही. पण रोज शेकडो माणसे त्याच त्या सावलीच्या जागी बसली की माती दाबली जाते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बुजतात, पाणी मुरेनासे होते आणि मुळे गुदमरतात. मग त्या जागी टक्कल पडते, पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात धूळ उडते. जिथे भरपूर माणसांनी बसावे असे वाटते तिथे त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते. दणकट जातीचे गवत लागते, पाण्याचा निचरा चांगला असावा लागतो, आणि एक भाग आळीपाळीने बंद ठेवून त्याला विश्रांती द्यावी लागते. आपल्या शहरांत अशी बसण्याची हिरवळ कितीतरी अधिक प्रमाणात हवी, हे तुमचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त ती मागणी या दहा एकरांच्या नाजूक रचनेकडे करू नये, एवढेच मी म्हणेन.

जपानी बागांमध्ये मनाई करण्याची एक पद्धत आहे, ती मला फार आवडते. चहागृहाकडे जाणारी वाट बंद असेल तर त्या वाटेच्या सुरुवातीच्या पायदगडावर नारळाएवढा एक गोल धोंडा ठेवतात. त्याला काळी सुतळी उभी-आडवी बांधलेली असते आणि वर गाठीची छोटी मूठ असते, म्हणजे तो उचलून सहज बाजूला ठेवता यावा. फलक नाही, साखळी नाही, शिट्टी नाही. धोंडा ओलांडून जाणे कोणालाही अशक्य नसते, पण पाहुणा तो पाहतो आणि दुसऱ्या वाटेने वळतो. आपल्या उद्यानांत शिट्टीची गरज उरू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी आपण पाहुण्यांनी आधी थोडे बदलायला हवे.

प्रतिसाद : शुभदा, विलेपार्ले

वरची चर्चा वाचून लिहावेसे वाटले, कारण पतीच्या नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षे योकोहामा येथे राहिलो आहोत. १९६५ पासून ते शहर आपल्या मुंबईचे भगिनी शहर आहे.

समीर यांच्या प्रश्नाचे उत्तर जपानी लोकांनी कसे शोधले आहे ते सांगते. तिथे बाग पाहणे आणि बागेत सहल करणे या दोन गोष्टींच्या जागा पुष्कळदा वेगळ्या असतात. टोकियोतील शिंजुकु ग्योएन हे भलेमोठे उद्यान १९४९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात जपानी पद्धतीचा विभाग आहे, फ्रेंच पद्धतीचा आहे आणि इंग्रजी पद्धतीची मोठी हिरवळही आहे. लोक डबे घेऊन येतात ते हिरवळीवर बसतात, जपानी विभागात मात्र तळ्याच्या कडेने शांतपणे फिरतात. मद्य आत नेऊ देत नाहीत. एकाच आवारात दोन्ही हौशी भागतात आणि कोणी कोणाच्या आड येत नाही.

चेरीच्या झाडांखाली बसण्याची त्यांची सहल तर फार जुनी आहे. आठव्या शोगुनने (शोगुन म्हणजे जपानचा लष्करी शासक), म्हणजे तोकुगावा योशिमुने याने, आजच्या टोकियोतील आसुकायामा या टेकडीवर चेरीची झाडे मुद्दाम लावून घेतली, ती सामान्य नगरवासीयांना मोकळेपणी बसता यावे म्हणून. पुढे १८७३ मध्ये सरकारने पहिली पाच सार्वजनिक उद्याने ठरवली, त्यांत उएनोबरोबर ही टेकडीही होती. आजही बहराच्या दिवसांत तिथे सकाळपासून निळ्या प्लॅस्टिकच्या चादरी अंथरल्या जातात. माझ्या मनात ठसले आहे ते चादरीच्या कडेचे दृश्य. माणसे चादरीवर चढताना चपला-बूट काढतात आणि ते ओळीने, टाचा चादरीकडे करून ठेवतात, म्हणजे उतरताना पाय थेट आत जावा. मध्यभागी डबे मांडलेले असतात आणि एका कोपऱ्यात कचऱ्यासाठी पिशवी बांधून ठेवलेली असते. बागेत कचरापेट्या फारशा नसतात, म्हणून ती पिशवी प्रत्येक जण घरी घेऊन जातो. निघाल्यावर त्या जागी कोणी बसले होते हे ओळखूसुद्धा येत नाही.

योकोहामातील सानकेइएन ही बाग मला सर्वांत प्रिय आहे. हारा तोमितारो नावाच्या रेशीम व्यापाऱ्याने स्वतःच्या जागेत ती वसवली आणि १९०६ मध्ये लोकांना विनामूल्य खुली केली. आत शिरताच तळे दिसते आणि पलीकडच्या टेकडीवर तीन मजली पॅगोडा. तो १४५७ मध्ये क्योटोजवळच्या एका मंदिरासाठी बांधलेला होता, आणि १९१४ मध्ये उतरवून इथे पुन्हा उभा करण्यात आला. उन्हाळ्यात कमळे पहाटे उमलतात म्हणून त्या दिवसांत बाग लवकर उघडतात. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा याच हारा यांनी शहराच्या उभारणीसाठी स्वतःला वाहून घेतले. त्या भूकंपाचा ढिगारा समुद्रात भरून केलेल्या जागेवर १९३० मध्ये यामाशिता उद्यान झाले. समुद्रात भर घालून जमीन करणे मुंबईकराला नवे नाही, त्यामुळे तिथे बसले की मला मरीन ड्राइव्हची हटकून आठवण येई. त्या उद्यानात भारतीयांनी दिलेला एक घुमटाकार पाणपोईचा मंडप आहे. भूकंपानंतर योकोहामाच्या लोकांनी तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांना आधार दिला, त्याची कृतज्ञता म्हणून आणि मृत देशबांधवांच्या स्मरणार्थ तो उभारला गेला. घुमटाच्या आतली रंगीत नक्षी मान वर करून अवश्य पाहावी अशी आहे.

सुमेधाताई, तुम्हाला एकच सुचवते. डबा छोटा आणि कोरडा ठेवा. जपानी डब्यात चार-पाच पदार्थ थोडे थोडे आणि गार खाण्याजोगे असतात, आणि ते आपल्याकडेही सहज जमते. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, दशम्या आणि खोबऱ्याची वडी. पातळ भाजी आणि वरण आले की वाट्या, चमचे आणि सांडासांड आलीच. ज्येष्ठांचा अर्धा वेळ मग कपडे सांभाळण्यात जातो. आणि प्रत्येकाला वेगळा डबा भरून द्या, म्हणजे वाढण्यासाठी कोणा एका बाईला सतत उठबस करावी लागणार नाही. तिलाही सहल हवीच असते.

प्रतिसाद : झाडवेडा, घाटकोपर

मुंबईत काय, याचे उत्तर राहून गेले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

चेरीचे झाड मुंबईत फुलणार नाही, कारण त्याच्या कळ्यांना हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी मिळावी लागते. परंतु पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या आसपास गुलाबी टॅबेबुयाची रांग आहे. साधारण जानेवारी ते मार्च या काळात तिची पाने झडतात आणि झाडे नुसत्या फुलांनी भरतात. मुलुंडकरांच्या तर ती वाटेवरच आहेत. तिथे बसायला जागा नाही, पण सकाळी लवकर गाडी सेवा रस्त्यावर घेऊन हळूहळू जाता येते. मूळची ही झाडे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली आहेत. बहर मात्र जपानची आठवण करून देतो, हे खरे.

निवांत फिरण्यासाठी ज्येष्ठांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्याचा मी आग्रह धरीन. बहुतेक लोक तिथे पेंग्विन पाहायला जातात आणि झाडांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ती मुळात एकोणिसाव्या शतकातली वनस्पती-बाग आहे आणि तिथला वृक्षसंग्रह अमूल्य आहे. जाड बुंध्याचा गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, आणि उर्वशी नावाचे झाड आहे. त्याची लाल-पिवळी फुले लांब दांड्यांवर झुंबरासारखी खाली लोंबतात. वाटा सपाट आहेत, सावली दाट आहे, बाके भरपूर आहेत. बुधवारी बाग बंद असते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जागा पुष्कळ आहे, पण डबा उघडला की माकडे येतात, आणि ज्येष्ठांबरोबर असताना ती धावपळ नको. सोमवारी ते बंद असते.

जपानशी संबंध हवाच असेल, तर वरळीला निप्पोनझान म्योहोजी हे जपानी बौद्ध मंदिर आहे. तिथे बाग नाही, पण ढोलाच्या ठेक्यावर चालणारी प्रार्थना ऐकत काही वेळ शांत बसता येते. राणीच्या बागेला जोडून एका सकाळीत दोन्ही होईल.

प्रतिसाद : सुमेधा, मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी सगळे प्रतिसाद मंडळींना वाचून दाखवले आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. पुण्याला जायचे, टेम्पो ट्रॅव्हलर करायची आणि एक मुक्काम करायचा, असे ठरले आहे. मावशी कर्वेनगरला राहतात, त्यांच्याकडे निम्म्या लोकांची सोय होईल. उरलेल्यांसाठी जवळच खोल्या पाहू. पहिल्या दिवशी सारसबागेत डबा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाग उघडताच आत, म्हणजे परतीची घाई राहणार नाही.

वडील टेकाडावर न जाता पाण्याच्या कडेने फिरतील. सासूबाईंनी वनराई यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला आणि रुंद दगडांची खूण सगळ्यांना समजावून सांगण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. वेगवेगळे डबे भरण्याची सूचना सर्व बायकांनी एकमताने मंजूर केली आहे. फेब्रुवारीत विक्रोळीची फुले आणि राणीची बाग, असा दुसरा बेतही आखला जात आहे.

नातूबाग काका, एक शेवटची विचारणा. आमच्यातील एका आजींना चाकाची खुर्ची लागते. ती मुख्य वाटेवरून नेता येईल का, आणि स्वच्छतागृह फाटकाजवळ आहे की आत?

प्रतिसाद : नातूबाग, पुणे

मुख्य वाटेचा बराचसा भाग खुर्चीला चालेल, पण पूल आणि पायदगड असलेल्या वाटांवर ती नेऊ नका. आजींना पाण्याजवळच्या एखाद्या बाकापाशी बसवावे आणि कोणीतरी आळीपाळीने त्यांच्यासोबत थांबावे. आत शिरतानाच रखवालदाराला खुर्चीबद्दल सांगावे आणि स्वच्छतागृहाचीही चौकशी करून ठेवावी, कारण दुरुस्तीमुळे एखादे बंद असू शकते. सारसबागेतून निघण्यापूर्वी आणि मावशींच्या घरून निघताना सर्वांनी एकदा जाऊन यावे, म्हणजे बागेत कोणाची अडचण होणार नाही. तारीख ठरली की इथे कळवा. मी सकाळी तिथेच फिरायला असतो, फाटकाशी येऊन थांबेन.